पहिला पत्ता

सकाळी सव्वादहा वाजता गुरुदत्त विजयकरला स्वतःच्या लॅपटॉपवर लतिका परबचा नंबर दिसला. हातातला चहा त्याने टेबलावर ठेवला, तिथे ऊन येतं म्हणून उचलून दुसरीकडे ठेवला, मग पुन्हा पहिल्या जागी. नंबर म्हणजे फोनचा नव्हे. तारेने असो की बिनतारी, जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक नंबर चिकटवलेला असतो. आकडे आणि अक्षरं मिळून बारा खुणा, दोन-दोनच्या सहा जोड्या. ऑफिसात त्याला सगळे मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. गुरुदत्तने दोन वर्षांपूर्वी लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम ज्या मशीनवर चालवाल त्या मशीनचा हा नंबर काढून दाखवतो. असे नंबर कोणी लक्षात ठेवत नाही. अठ्ठावीस वर्षं या धंद्यात असून त्यालाही दुसरा एकही पाठ नव्हता. हा एक होता, कारण गेल्या सप्टेंबरात त्याने तो मनुष्यबळ विभागाच्या कादंबरी मॅडमना फोनवर दोनदा वाचून दाखवला होता. शेवटच्या दोन जोड्या नऊ-डी आणि चार-एफ. नऊ-डी म्हणताना त्या 'नऊ-बी' ऐकत होत्या, म्हणून त्याला 'डी, डी, दादरचा डी' असं म्हणावं लागलं होतं, आणि दादर शब्द तोंडात आल्याबरोबर आपण आपल्याच घराचा पत्ता कोणाला तरी सांगतोय असं काहीतरी त्याला क्षणभर वाटून गेलं होतं.

लॅपटॉप नवा होता, शुक्रवारीच मिळालेला. इतका पातळ की त्याला केबल लावायला भोकच नव्हतं. म्हणून हार्डवेअरच्या टेबलावरच्या रघुने ड्रॉवरमधून एक बोटभर लांबीचं काळं डोंगल काढून दिलं होतं, एका टोकाने लॅपटॉपमध्ये जाणारं, दुसऱ्या टोकाने ऑफिसची केबल पकडणारं. गुरुदत्तने ते ओढून काढलं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. वेगळाच नंबर आला, अनोळखी, लॅपटॉपचा स्वतःचा. डोंगल पुन्हा खोचलं. नऊ-डी, चार-एफ. काढलं, गेलं. खोचलं, आलं. तिसऱ्या खेपेला त्याच्या अंगठ्याच्या नखाखाली डोंगलची कड रुतली आणि तो थांबला. समोरच्या काचेतून गिरणीची जुनी चिमणी दिसत होती. गिरणी पाडून तिथे ऑफिसं उभी राहिली, चिमणी तेवढी रंग देऊन शोभेला ठेवली होती. रोज दिसायची ती, आज नको इतकी जवळ वाटली. नंबर लतिकाच्या लॅपटॉपचा नव्हताच. तो या काळ्या तुकड्याचा होता. हा तुकडा ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, आणि ज्याला लागेल तो घेऊन जातो.

त्यांची कंपनी हॉस्पिटलांचे जुने केसपेपर स्कॅन करून त्यांतली माहिती कॉम्प्युटरवर चढवते. तीनशे माणसं, बहुतेक बाया. त्या ज्या प्रोग्रॅमवर दिवसभर माहिती भरतात तो गुरुदत्तचा. दोन वर्षांपूर्वी कादंबरी मॅडमनी त्यात एक बटण टाकायला सांगितलं होतं, 'तुमचं मत' म्हणून. दाबलं की एक चौकट उघडते, काय म्हणायचं ते लिहावं. चौकटीवर काय लिहायचं हेही त्यांनी गुरुदत्तलाच विचारलं, तुमचं मराठी चांगलं आहे म्हणून. त्याने लिहून दिलं: तुमचं नाव कोणालाही कळणार नाही. त्यांना आवडलं. मग जाता जाता म्हणाल्या, "पण उद्या कोणी शिव्याबिव्या लिहिल्या तर? काहीतरी माग पाहिजे. नाव नको घेऊ या. नुसता मशीनचा नंबर घ्या. म्हणजे आपण जे लिहिलंय ते खरंच राहील." त्या वेळी त्याला हे युक्तीचं वाटलं होतं. दुपारभर बसून त्याने मशीनचा पत्ता काढायचं लिहिलं. मशीनला विचारलं की ते एक पत्ता देत नाही, यादी देतं. तारेचा वेगळा, बिनतारीचा वेगळा, ब्लूटूथचा वेगळा, आणि कसल्या कसल्या नुसत्या कागदोपत्री असलेल्या जोडण्यांचे आणखी दोन-तीन. त्यांतला खरा कुठला? शुक्रवार होता, बायकोला, उर्मिलाला घेऊन गिरगावात तिच्या मामाकडे साखरपुड्याला जायचं होतं. त्याने यादीतला चालू असलेला पहिला पत्ता उचलला आणि बाकी सोडून दिले. शेजारी स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली: पहिला पुरे, नंतर बघू. ती ओळ अजून तिथेच होती. आता तो ती वाचत बसला, जणू ती दुसऱ्याच कोणीतरी लिहिली होती, एखाद्या उतावळ्या, नवशिक्या पोराने.

सप्टेंबरात त्या चौकटीतून चार ओळी आल्या होत्या. आमच्या विभागात रुग्णांच्या कागदांची तपासणी होत नाही. पाच वाजले की उरलेल्या सगळ्या फायली एकदम 'तपासल्या' म्हणून पुढे ढकलायला सांगतात. एका बाईचा रक्तगट चुकीचा गेला, तो दाखवला तरी परत मागवला नाही. उद्या कोणाला चुकीचं रक्त चढलं तर जबाबदार कोण. शिवी एकही नव्हती. तरी कादंबरी मॅडमचा फोन आला, आवाज खाली आणून, की एका हॉस्पिटलाने कंत्राट थांबवलंय, हे बाहेर गेलंय, आणि जिने आत लिहिलं तिनेच बाहेरही सांगितलं असणार. गुरुदत्तने नंबर काढला, कोणाला कुठलं मशीन दिलं ते लिहिलेल्या रघुच्या रजिस्टरशी जुळवला. चाळीस सेकंदं लागली असतील. रजिस्टरला त्या नंबरापुढे लतिका परब होतं. तपासणी विभागातल्या अकरा जणींपैकी ती एक, म्हणजे कुठे काही खटकण्यासारखंही नव्हतं. उलट जुळलं याचंच त्याला बरं वाटलं होतं. ऑक्टोबरात ती दिसेनाशी झाली. कोणी म्हणालं सोडून गेली, कोणी म्हणालं काढली. तिच्या टेबलावर तिची स्टीलची पाण्याची बाटली पुढे बरेच दिवस तशीच होती, दिवाळीपर्यंत. नंतर ती कोणीतरी हलवली. त्याने विचारलं नाही. विचारायचं कशाला, आपण फक्त नंबर दिला. नंबर चूक असता तर गोष्ट वेगळी.

तो उठून रघुकडे गेला. रघु एका लॅपटॉपचं पोट उघडून फुंकर मारत होता.

"ही डोंगलं कोणाच्या नावावर असतात रे?"

"कोणाच्याच नाय सर. ड्रॉवरमध्ये असतात. लागलं की नेतात, आठवण झाली की आणून देतात."

"आणि नवीन लॅपटॉप देताना रजिस्टरला नंबर कसा लिहितोस?"

"तुमचा प्रोग्रॅम चालवतो ना. जो येतो तो लिहितो."

"डोंगल लावून?"

रघुने मान वर केली. "डोंगल लावल्याशिवाय तुमचा प्रोग्रॅम उतरवून कसा घेणार? केबलच लागते त्याला." मग म्हणाला, "का, काय झालं?"

गुरुदत्त म्हणाला, काही नाही. परत फिरला, दोन पावलं गेला, पुन्हा वळला. "ती लतिका परब आठवते तुला? तपासणीतली."

"हो, म्हणजे काय. लालबागला मावशीच्या मसाल्याच्या कांडपावर बसते हल्ली. आमच्या घरचा मसाला तिथेच होतो." रघु पुन्हा लॅपटॉपवर वाकला. "दोन ठिकाणी लागत होती म्हणे, पण कुठे काय जमलं नाय."

जागेवर येऊन बसल्यावर त्याला कारण नसताना बाबा आठवले. बाबा धोबीतलावच्या कोर्टात नकला विभागात होते. एकाने मूळ कागदावरून नक्कल उतरवायची, दुसऱ्याने ती मुळाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायची. या ताडण्याला रुजवात म्हणायचे, आणि बाबांची सही रुजवात घेणाऱ्याच्या जागी असायची. गिरगावातल्या घरी गुरुदत्तचा शुद्धलेखनाचा गृहपाठ ते तसाच तपासायचे. पुस्तक स्वतःच्या हातात धरायचे आणि म्हणायचे, तू तुझं वाच, मी मूळ बघतो. वाचताना आपण काहीतरी गाळलंय हे त्याला स्वतःला आधी कळायचं, जीभ जड व्हायची, पण बाबा काही बोलायचे नाहीत, फक्त त्यांचं बोट पुस्तकावर त्या शब्दाशी थांबून राहायचं. पुढे मोतीबिंदू वाढला तेव्हा त्यांनी स्वतःहून अर्ज देऊन जावक टपालाकडे बदली मागून घेतली. आई संतापली होती. इतक्या वर्षांचा मान सोडून पाकिटं चिकटवायला बसायचं? बाबा म्हणाले, दिसत नाही तर सही कशी करू. बस, एवढंच. तेव्हा कॉलेजात असलेल्या गुरुदत्तला त्यांची लाज वाटली होती. एकदा मित्रांबरोबर कोर्टावरून जाताना खिडकीत बाबांचा डिंकाचा ब्रश दिसला आणि त्याने रस्ता ओलांडून पलीकडचा फुटपाथ धरला होता. ही गोष्ट त्याने उर्मिलालाही कधी सांगितली नव्हती. आता पडद्यावर त्याची ती ओळ होती, पहिला पुरे, आणि तिच्यावर बोट ठेवणारं कोणी नव्हतं, आणि तरीही नजर तिथून हलत नव्हती.

अकरा वाजता तो कादंबरी मॅडमच्या केबिनमध्ये गेला. डोंगल सोबत नेलं होतं, टेबलावर ठेवून त्याने सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. चाळिशीच्या, हुशार बाई, बोलताना पेनाचं टोपण लावत-काढत.

"म्हणजे तो मजकूर लतिकाने लिहिला नव्हता, असं म्हणायचंय?"

"तिने लिहिला की नाही ते सांगता येत नाही. तिच्या विभागातल्या कोणीही लिहिलेला असू शकतो. बाहेरच्याही."

"पण ती नाही म्हणाली नव्हती, गुरुदत्तजी. मी समोर बसवून विचारलं होतं. हो पण म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. नुसती बसून राहिली. ज्याने केलं नसतं तो असा बसतो का?"

"मला माहीत नाही."

"झालं ते झालं. तिलाही आता आठ महिने झाले, कुठे ना कुठे लागली असेल." टोपण टक्कन बसलं. "तुम्ही लक्षात आणून दिलंत ते बरं केलंत. आता हे असं परत व्हायला नको. बरोबर पत्ता येईल असं करून द्याल? किती वेळ लागेल?"

"दोन तास," तो म्हणाला. उत्तर तोंडातून आपोआप निघालं, कोणी वेळ विचारली की घड्याळाकडे हात जातो तसं.

आणि दोन तास लागलेही नाहीत. हेच त्याला नंतर रस्त्याने चालताना सारखं टोचत राहिलं. जागेवर येऊन त्याने प्रोग्रॅम उघडला आणि यादीतल्या प्रत्येक पत्त्याला प्रश्न विचारायला शिकवलं. तू खोचलेला आहेस की अंगचा? खरा आहेस की नुसता कागदोपत्री? कारखान्यातला आहेस की नंतर बदललेला? मग यंत्राच्या अनुक्रमांकाशी गाठ घातली. सहा मशीनवर चालवून पाहिलं, डोंगल लावून, काढून, बिनतारीवर, तारेवर. सहाही वेळा बरोबर. छातीत ती जुनी, गोड ऊब पसरली, गोष्ट चपखल बसली की पसरते ती. तो खुर्चीत मागे रेलला, आणि आपण हसतोय हे त्याला काचेतल्या प्रतिबिंबात दिसलं. चिमणीच्या वर स्वतःचं तोंड, हसणारं. 'सर्व मशीनवर पाठवा' या बटणावर बाण नेऊन ठेवलेला होता. त्याने हात उचलला, लॅपटॉप मिटला, बॅगेत टाकला आणि कोणाला काही न सांगता जिन्याने खाली उतरला. लिफ्ट त्याला नको होती.

लिफ्टचं कारण त्याला माहीत होतं, पण ते तो डिलाईल रोडपर्यंत स्वतःशी बोलला नाही. ऊन टाळूवर आपटत होतं. मे महिना, दुपारची वेळ, डांबर बुटांना चिकटत होतं. उसाच्या रसाच्या गाड्यावरचे घुंगरू, दुमजली चाळीच्या कठड्यावर वाळत घातलेले पापड, पलीकडे काचेच्या इमारतीतून गळ्यात ओळखपत्रं अडकवून जेवायला बाहेर पडलेली माणसं. त्याच्याही गळ्यात ओळखपत्र होतं. त्याने ते काढून खिशात कोंबलं. करी रोडच्या पुलावर चढताना दम लागला, कठड्याला धरून उभा राहिला, आणि तिथे मग त्याने ते आठवू दिलं. ऑगस्ट अखेर. सहाव्या मजल्यावरून खाली येताना लिफ्टमध्ये तो आणि लतिका दोघंच. हातात डबा, खांद्यावर पर्स, केसांत अबोलीचा एवढासा गजरा. ती जरा घुटमळून म्हणाली होती, "सर, त्या 'तुमचं मत'मध्ये लिहिलं तर खरंच कळत नाही ना कोणाला?" तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, बाहेर कोणी नव्हतं, मिटलं. तेवढ्या वेळात त्याला विचार करता आला असता. त्याने तो केलाही. कंपनीच्या आतलं आपण कसं सांगायचं, असा तो विचार होता, आणि दार मिटायच्या आत तो म्हणाला होता, "नाही गं, नाही कळत. बिनधास्त लिही." हसूनसुद्धा. ती 'थँक यू सर' म्हणून खाली उतरून गेली होती. आठ महिने हे वाक्य त्याच्या आत कुठे होतं? विसरला नव्हता तो. विसरला असता तर आज जिन्याने उतरला नसता. त्याने ते बाजूला ठेवलं होतं, नंतर बघू म्हणून. नंबर बरोबर आहे या एका गोष्टीखाली बाकी सगळं दाबून बसवता येत होतं. नंबर सरकला, आणि खालचं सगळं उघडं पडलं. पुलावरून जाणारी टॅक्सी त्याच्या अगदी जवळून गेली, ड्रायव्हर काहीतरी बोलला. गुरुदत्त चालायला लागला. आपण माफी मागायला चाललोय की नंबर चुकला होता हे सांगून सुटायला, हे त्याला ठरवता येईना. चूक यंत्रातली निघाली तर माणूस हलका होतो. तसं हलकं व्हायचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न भारतमाता थिएटरपाशी सिग्नलला त्याच्याबरोबर उभा राहिला, आणि हिरवा झाल्यावर त्याच्याबरोबरच रस्ता ओलांडून आला.

मसाल्याच्या दुकानांची ओळ लागायच्या आधीच नाकात झणझणायला लागलं. मसाल्याचे दिवस होते. दारोदार पोती उघडून मांडलेली, बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, धन्यांचे ढीग, आणि आपापल्या मसाल्यावर डोळा ठेवून फळ्यांवर बसलेल्या बाया, तोंडाला पदर लावून. कांडपाचे लोखंडी दांडे वर-खाली आपटत होते, धाड-धाड, पायाखालची फरशी हलत होती. त्याने विचारत विचारत दुकान शोधलं. आत एक म्हातारी बाई भाजलेल्या मिरच्या पसरत होती, आणि लतिका दाराशी टेबलाला बसून कोणाचा मसाला कुठल्या डब्यात याच्या चिठ्ठ्या लिहीत होती. बारीक झाली होती. तिने मान वर केली. ओळखलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"सर, तुम्ही. मसाला करायचाय?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्याला जोराची शिंक आली, मग दुसरी, तिसरी. तिने न बोलता पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि एक स्टूल. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "तुमच्याशी बोलायचं होतं."

ऑफिसात तो तिला 'तू' म्हणायचा. हे 'तुम्ही' तिने ऐकलं, हे त्याला दिसलं.

त्याने सांगितलं. कांडपाच्या आवाजामुळे मोठ्याने सांगावं लागत होतं, आणि मोठ्याने सांगताना ते आणखीच नागडं वाटत होतं. बटण, नंबर, यादीतला पहिला पत्ता, ड्रॉवरमधलं डोंगल. ती ऐकता ऐकता चिठ्ठ्या लिहीत राहिली. "लतिके, त्या बायचो मसालो झालो काय बघ गो," आतून मावशी म्हणाली, आणि लतिका उठून गेली, डबा भरून त्यावर चिठ्ठी चिकटवून देऊन परत आली. बसली.

"म्हणजे माझा नंबर नव्हताच तो."

"नव्हता."

"मला वाटायचं, मीच कुठे काहीतरी वेगळं दाबलं असेल, म्हणून कळलं," ती म्हणाली. मग ओठ मिटून घेतले, नको ते बोलून गेल्यासारखे. की तसं त्याला वाटलं. तिचं वाक्य कसंही लावता येत होतं. "दोन ठिकाणी झालं होतं माझं काम," ती पुढे म्हणाली. "एक शीवला, लॅबमध्ये. सगळं ठरलं, जॉईन कधी होता विचारलं. मग तुमच्या ऑफिसला चौकशीचा मेल गेला आणि त्यांचा फोनच बंद. दुसरीकडे पण तसंच. तिथली बाई चांगली होती, तिने दाखवला मला तो मेल. पुन्हा कामावर घेण्यास योग्य नाही. एवढंच लिहिलेलं."

"हे मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असेल." यात टोमणा होता की नव्हता, कळलं नाही.

"कादंबरी मॅडम म्हणाल्या, तुम्ही नाकारलं नाहीत."

लतिकाने पेन खाली ठेवलं. "नाही म्हटलं असतं तर त्यांनी बाकीच्या दहा जणींना एकेक करून आत घेतलं असतं. एकीची डिलिव्हरी तोंडावर होती. आणि हो म्हणायचं तर का म्हणायचं? वर लिहिलं होतं ना, नाव कळणार नाही. मग विचारतातच कशाला." ती त्याच्याकडे सरळ पाहत होती. "आणि मी तुम्हाला विचारलं पण होतं, सर."

"हो."

"लिफ्टमध्ये."

"हो. आठवतं मला. तेव्हा मला माहीत होतं. तरी सांगितलं नाही."

कांडप थांबलं. अचानक इतकी शांतता झाली की रस्त्यावरच्या बसचं दार उघडल्याचं ऐकू आलं. फळीवरच्या दोन बाया त्यांच्याकडे बघायला लागल्या. गुरुदत्तला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, रडेल, ओरडेल, निघून जा म्हणेल, आणि त्याला जाता येईल. ती म्हणाली, "शीवलाच एका हॉस्पिटलात रेकॉर्डच्या खात्यात जागा निघालीय. गुरुवारी बोलवलंय. हे सगळं लिहून द्याल?"

चिठ्ठ्यांच्या वहीतला मागचा कोरा कागद तिने फाडून दिला. तो लिहायला लागला. वर्षानुवर्षं हाताने काही लिहिलं नव्हतं, अक्षर बाबांसारखं डावीकडे झुकत होतं. लिहून झाल्यावर तिने कागद घेतला आणि पेनाचं टोक ओळीखाली धरून वाचला, तपासणी विभागात वाचायची तसा. एका जागी टोक थांबलं.

"'चूक झाली' असं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"कोणाकडून?"

त्याने कागद परत घेतला. खोडलं. माझ्याकडून, असं लिहायला गेला, तेही खोडलं, मग लिहिलं: मी चूक केली. आणि खाली, तिने न सांगताच, आणखी दोन ओळी: श्रीमती लतिका परब यांनी मला विचारलं असता, नाव कळत नाही असं मी त्यांना सांगितलं. ते खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख, सही. कागदावर मिरचीचा लालसर अंगठा उमटला होता, त्याचा की तिचा कोण जाणे. तिने आणखी एकदा पहिल्यापासून वाचलं. फोनवर फोटो काढला, त्यालाही काढायला सांगितला, आणि कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवून ते फोल्डर पर्समध्ये ठेवलं.

"आणि तो प्रोग्रॅम? अजून चालतोच?"

"आज दुरुस्त केला."

"म्हणजे आता बरोबर नाव येईल."

बॅग उघडून त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला, फोनवरून जोडला. सकाळपासून केलेलं ते देखणं काम समोर आलं, एकेक पत्त्याला उलटतपासणी घेणारं. त्याने ते सगळं निवडलं आणि पुसलं. त्याच्याही आधीचं, दोन वर्षांपूर्वीचं, तेही पुसलं, शेजारच्या ओळीसकट. जिथे मशीनला पत्ता विचारला जायचा तिथे आता काही उरलं नाही. रघुच्या रजिस्टरशी जुळवायला जे साठलं होतं तेही काढून टाकलं. मग 'सर्व मशीनवर पाठवा' दाबलं. लतिका वाकून बघत होती.

"काय केलंत?"

"विचारणंच काढून टाकलं. आता कोणी लिहिलं तर मलाही कळणार नाही."

तिने मान हलवली, ठीक आहे अशी, आणि समोर आलेल्या बाईची चिठ्ठी लिहायला घेतली. धने दोन किलो, त्रिफळं वेगळी ठेवायची. गुरुदत्त उठला. जायला हवं होतं. पण पाय निघेनात. आठ महिने जी गोष्ट त्याने माहीत आहे म्हणून धरली होती ती सकाळपासून त्याला माहीत नव्हती, आणि ती माहीत नसणं अंगात तापासारखं चढत होतं. तिने लिहिलं असेल तर चुकलेल्या नंबराने बरोबर माणूस दाखवला होता. नसेल तर ही बाई दुसऱ्या कोणासाठी आठ महिने मिरच्या मोजत बसली होती. दोन्हींत आपण कुठे उभे राहतो याचा हिशेब त्याला करायचा होता. आताही आपल्यासाठीच विचारतोय हे कळत असून त्याने विचारलं.

"एक विचारू? तो मजकूर, त्या चार ओळी, तुम्ही…"

"नाही."

"म्हणजे तुम्ही नाही लिहिल्या?"

लतिकाने वर पाहिलं. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत थोडंसं काहीतरी हसल्यासारखं आलं, थकलेलं. "म्हणजे नाही विचारायचं, सर," ती म्हणाली.

कांडप पुन्हा सुरू झालं. तो बाहेर आला. गळा जळत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्या गल्लीत सगळ्यांच्याच वाहतं तसं, आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. भारतमातापाशी एका बंद दुकानाच्या सावलीत उभं राहून त्याने कागदाचा फोटो उघडला. कादंबरी मॅडमचं नाव घातलं. मग थोडा वेळ अंगठा तसाच धरून ठेवून, ऑफिसातल्या तीनशे जणांना एकदम जाणारा पत्ता घातला. मजकुरात लिहिलं की 'तुमचं मत' आजपर्यंत मशीनचा नंबर घेत होतं, आता घेत नाही, बाकी सोबतच्या कागदात आहे. उर्मिलाला संध्याकाळी कसं सांगायचं, इथली पंचवीस वर्षांची नोकरी, मुलाच्या शिक्षणाचं अजून एक वर्ष, हे सगळं एकदम समोर आलं, आणि ते समोर असतानाच त्याने मेल पाठवला.

पुलाचा चढ लागेपर्यंत काहीच झालं नाही. फोन खिशात मुका होता, आणि तो उगाच भराभर चालत होता, जणू मेलच्या आधी ऑफिसात पोचायचं होतं. अर्ध्या पुलावर फोन थरथरला. त्याने नाव पाहिलं, कानाला लावला.

"गुरुदत्तजी," कादंबरी मॅडमचा आवाज, नेहमीपेक्षा सावकाश. त्यांच्या मागे कोणीतरी दार लोटत होतं. "हे आत्ता जे सगळ्यांना गेलंय, ते तुमच्या अकाउंटवरून गेलंय. कोणी तुमचं मशीन वापरलंय का? तुम्ही जागेवर नाही म्हणतायत. तुमच्याकडून नसेल तर आत्ताच सांगा, मी लगेच तसं कळवते."

खालून रूळ चकाकत होते. त्यांनी वाट उघडून दिली होती, चांगली रुंद. त्याला कळत होतं की त्या थांबल्या आहेत.

"नाही, कोणी वापरलं नाही," तो म्हणाला. "मीच लिहिलंय."